मदत हवी आहे: गोल चावीच्या कुलपाचा पिक, सातातल्या दोन पिना दर वेळी खोल जातात

नमस्कार मंडळी,

चावीशिवाय कुलूप उघडायचा छंद मला लागला त्याला दोन वर्षं होतील. स्वतःचीच कुलपं, घरच्या टेबलावर, संध्याकाळी कामं आटोपल्यावर. अलिगढच्या साध्या पितळी कुलपांपासून सुरुवात केली, मग दाराचं पाच पिनांचं सिलिंडर जमलं. आता गोल चावीच्या कुलपाशी येऊन तीन आठवडे अडले आहे आणि कुठे चुकतंय ते मला खरंच समजून घ्यायचं आहे.

कुलूप कुठलं ते सांगते. ऑफिसच्या ड्रॉवरला, दुकानातल्या काचेच्या कपाटाला, जुन्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला पोकळ नळीसारखी चावी लागते ना, ते. आमच्या इथल्या हार्डवेअरवाल्याकडून अशी तीन कॅम लॉकं आणली, चाव्यांसकट. तिन्ही चाव्या वेगवेगळ्या आहेत, तपासून घेतल्या. प्रत्येकात सात पिना. दाराच्या कुलपात पिना एका रांगेत असतात, इथे त्या मधल्या खुंटाभोवती गोलात बसवलेल्या असतात. चावीच्या तोंडावर कमीजास्त खोलीच्या सात खाचा. चावी दाबली की जिची खाच उथळ ती पिन जास्त आत जाते, जिची खोल ती कमी. पुढची पिन आणि तिच्यामागची पिन यांचा सांधा सातही ठिकाणी एका पातळीत आला की मधला भाग फिरतो.

पिक म्हणजे हे कुलूप चावीशिवाय उघडायचं साधन: ७.५ मिलिमीटरची स्टीलची नळी, तिच्या अंगावरच्या खाचांत सात पातळ पट्ट्या, वरून रबराची रिंग आणि आवळायची कॉलर. काचेवर टेकवून सातही पट्ट्या एका पातळीत आणते, कॉलर थोडी आवळते, कुलपात घालते, हलक्या हाताने दाबत किंचित डावी-उजवीकडे फिरवते. पहिलं कुलूप दीडशे वेळा तरी केलं असेल. उघडलं दोनदा, आणि दोन्ही वेळा का उघडलं ते सांगता येणार नाही.

मग मोजायला लागले. प्रत्येक अपयशानंतर पिक तसाच बाहेर काढून पट्ट्या किती मागे सरकल्या ते व्हर्नियरने मोजायचं आणि चावीच्या खाचांशी ताडून बघायचं. पहिल्या कुलपाच्या चावीत चौथी खाच १.६ मिलिमीटर आहे, पट्टी मागे सरकलेली असते जेमतेम १. सहावी खाच २ ची, पट्टी १.३ वर. म्हणजे या दोन पिना दर वेळी गरजेपेक्षा आत ढकलल्या जातात. बाकीच्या पाच ०.१ च्या फरकाने जुळतात. दुसऱ्या कुलपात खाचा निराळ्या, पण घोळ पुन्हा चौथ्या आणि सहाव्या जागीच. तिसऱ्या कुलपाचं गणित वेगळंच दिसतंय, त्यात दुसरी पिन पुरेशी आत जातच नाही.

माझा हात जड पडतोय का? कॉलर किती आवळायची याचं काही माप असतं का? व्हिडिओत सगळे "अनुभवाने कळतं" म्हणतात. तो अनुभव घ्यायची माझी तयारी आहे, पण चुकीच्या गोष्टीचा सराव करत बसायचं नाही.

प्रतिसाद १

ताई, प्रश्न फार नीट मांडलात. मापं घेतलीत म्हणून उत्तरही त्यातच आहे.

कुलपं दोन, खाचा वेगळ्या, तरी चूक त्याच दोन जागी. म्हणजे दोष कुलपात नाही आणि तुमच्या हातातही नाही. हात जड असता तर सातही पिना कमीजास्त खोल गेल्या असत्या. दोष पिकच्या चौथ्या आणि सहाव्या पट्टीत आहे.

हे टूल कसं चालतं ते एकदा मनाशी पक्कं करा. पट्टीने पिनेमागच्या स्प्रिंगपुढे मागे हटायचं नाही, पण अडकलेल्या पिनेपुढे हटायचं. फिरवण्याचा ताण असतो तेव्हा पातळीत आलेली पिन अडते, पुढे जात नाही. त्या क्षणी तिच्यावरची पट्टी मागे सरकायला हवी. पट्टी जास्त घट्ट असेल तर ती अडलेल्या पिनेलाही रेटून पुढे नेते; तुमच्या चौथीचं आणि सहावीचं हेच होतंय. उलट पट्टी सैल असेल किंवा स्प्रिंग कडक असेल तर नुसत्या स्प्रिंगच्या जोरानेच पट्टी मागे येते आणि पिन उथळ राहते. तिसऱ्या कुलपात हे होत असावं. काही कुलपांत मुद्दाम एक-दोन स्प्रिंगा जास्त ताकदीच्या घालतात, त्या याच पिकला चकवण्यासाठी.

आता माप. घरात ग्रॅमचा डिजिटल काटा असेल तर तो घ्या. पिक उभा धरून एकेक पट्टी काट्यावर सावकाश दाबा, आणि पट्टी सरकायला लागते त्या क्षणीचा आकडा लिहा. पट्टीमागे तीन वेळा. सातही आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत. किती आले यापेक्षा सारखे आले का, ते जास्त महत्त्वाचं.

प्रतिसाद २

मला या विषयातलं काही कळत नाही, पण धागा वाचून काळजी वाटली म्हणून लिहितो. हे उघड्यावर लिहिणं बरोबर आहे का? उद्या कोणी वाचून दुकानाची कपाटं उघडली तर?

प्रतिसाद १ (पुन्हा)

दादा, काळजी रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो. जगभर हा छंद करणारे दोन नियम पाळतात. स्वतःच्या मालकीचं नाही ते कुलूप उघडायचं नाही, आणि वापरात असलेलं, म्हणजे ज्याच्या भरवशावर काही ठेवलंय असं कुलूप स्वतःचं असलं तरी उघडायचं नाही. दुसरा नियम नैतिक आहेच, शिवाय व्यवहाराचाही आहे. पिन आत अडकली तर ड्रॉवर कायमचा बंद.

आणि दडवून ठेवल्याने काय होतं त्याचं उदाहरण याच कुलपाचं आहे. अमेरिकेत क्रिप्टोनाइट कंपनीची सायकलची दणकट कुलपं याच गोल चावीची होती. २००४ साली लोकांनी इंटरनेटवर दाखवलं की साध्या बॉलपेनच्या प्लॅस्टिकच्या नळीने ती उघडतात. नळीचं मऊ प्लॅस्टिक अडलेल्या पिनेपुढे दबतं, ताई ज्या पट्ट्यांशी झगडताहेत त्यांचंच काम ते करतं. कंपनीला कुलपं फुकट बदलून द्यावी लागली. उघड झालं म्हणून सायकलवाल्यांना कळलं. चोराला कदाचित आधीच माहीत असेल.

प्रतिसाद ३

वडिलांचं चाव्यांचं दुकान आहे, मीही तिथेच बसतो. ताईंना एक सांगायचंय, ते पिकपेक्षा महत्त्वाचं आहे.

हे टूल पर्समध्ये किंवा गाडीच्या डिकीत घालून फिरू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम १२२ बघा. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घरफोडीचं साधन जवळ सापडलं आणि त्याला कायदेशीर सबब नसेल तर गुन्हा होतो, आणि सबब होती हे सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्याजवळ सापडलं त्याची. आम्ही रात्रीच्या कॉलला जातो तेव्हाही दुकानाचं कार्ड आणि बोलावणाऱ्याचा नंबर जवळ ठेवतो, आणि घर त्याचंच आहे याची खात्री पटल्याशिवाय कुलपाला हात लावत नाही. छंद घरात ठेवा. कुलपं उघडणाऱ्या मित्रमंडळींकडे जायचं असेल तर दिवसा जा.

पट्ट्यांचं म्हणाल तर नव्या पिकच्या पट्ट्यांच्या कडेला बारीक धार राहिलेली असते, कापताना उठलेली. अंगठ्याच्या नखाने ओढून बघा, लागते. १००० नंबरच्या पॉलिश पेपरवर चार हात मारा, जास्त नको. आणि कुलपात तेल घालू नका, ग्रॅफाइटची पूड घाला. तेलाने धूळ धरते आणि महिन्याभरात पिना चिकटतात.

प्रतिसाद ४

तुमचा प्रश्न वाचून ब्रामाची आठवण झाली, राहवत नाही म्हणून लिहितो.

जोसेफ ब्रामाने १७८४ मध्ये लंडनला एका कुलपाचं पेटंट घेतलं. चावी गोल नळीची, टोकाला खाचा, आत सरकणाऱ्या पट्ट्या गोलात मांडलेल्या. आत पिना नाहीत, रचना निराळी, पण चावी आत दाबायची आणि प्रत्येक खाचेने आपापली पट्टी हवी तेवढीच आत ढकलायची ही कल्पना तीच. ब्रामा कंपनीने पिकॅडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत असं एक कुलूप ठेवलं आणि ते उघडणाऱ्याला २०० गिनी (इंग्लंडमधली त्या काळची सोन्याची नाणी) जाहीर केल्या. कुलूप तिथे दशकानुदशकं तसंच पडून होतं. १८५१ च्या लंडनमधल्या मोठ्या औद्योगिक प्रदर्शनासाठी अमेरिकेहून आलेल्या आल्फ्रेड हॉब्स या कुलूपवाल्याने ते आव्हान घेतलं. सोळा दिवसांत मिळून सुमारे ५१ तास तो त्या एका कुलपावर बसला आणि त्याने ते उघडलं. कंपनीने त्याच्या पद्धतीवर हरकत घेतली, तरी पंचांनी पैसे त्यालाच दिले. ते कुलूप आता लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

त्या कुलपात अठरा पट्ट्या होत्या. तुमचे तीन आठवडे मला अजिबात जास्त वाटत नाहीत.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री काट्यावर बसले. लेकाने आकडे लिहून घेतले.

पाच पट्ट्या १२० ते १४० ग्रॅमच्या मध्ये सरकतात. चौथी २३० ला, सहावी २१० ला. तिन्ही वेळा तेच.

या दोन पट्ट्या बाहेर काढल्या. दादांनी सांगितलेली धार नखाला लागली, चौथीच्या एका कडेला तर अगदी स्पष्ट. पॉलिश पेपरवर घासल्या, ज्या खाचांत त्या बसतात त्या खाचा दाढीच्या जुन्या ब्रशने झाडल्या. आतून काळपट चिकट ग्रीस निघालं, ते कापडाने पुसून काढलं. पुन्हा काट्यावर घेतल्या तर चौथी १३५, सहावी १३०.

पहिलं कुलूप आज सकाळी दहापैकी आठ वेळा उघडलं. आणि या वेळी काय होतंय ते हाताला कळत होतं. दाबताना सुरुवातीला सगळं एकसारखं मऊ लागतं, मग एकेका जागी बारीक खर्रकन् जाणवतं, ती पट्टी मागे सरकते तेव्हाची. सातवं खर्रकन् झालं की मधला भाग तेलात फिरल्यासारखा वळतो. पिक बाहेर काढून चावीशेजारी धरला तर सात पट्ट्या आणि सात खाचा अगदी एकमेकींसारख्या. दुसरं कुलूप चहा व्हायच्या आत उघडलं.

तिसरं अजून अडलंय, दुसरी पिन उथळच राहते. ते खोलून बघावं म्हणते. कसं खोलायचं?

प्रतिसाद ३ (पुन्हा)

बाजूच्या अंगाला एक छोटी पिन ठोकलेली दिसेल, आतला भाग तीच धरून ठेवते. बारीक ड्रिलने ती काढायची. मग आतला भाग बाहेर येतो, पण सांभाळून, सातही स्प्रिंगा एकदम उडतात. कुलूप आणि दोन्ही हात पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून करा, म्हणजे उडलेलं पिशवीतच राहतं. पिना ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने थर्माकोलमध्ये खोचा. हे कुलूप पुन्हा दाराला लावायचं नाही, हे धरून चाला.

धागाकर्ती

खोललं. सात स्प्रिंगांपैकी पाच एका तारेच्या, दोन जाड तारेच्या. एक दुसऱ्या जागी होती, दुसरी पाचव्या. पाचवी खाच मुळातच खोल असल्यामुळे तिथे उथळ राहिलेलं लक्षात आलं नव्हतं. प्रतिसाद १ मधल्या दादांनी कुलूप न बघता सांगितलं होतं.

पिना त्याच क्रमाने बसवून, नवी पिन ठोकून कुलूप पुन्हा बंद केलं, स्प्रिंगा होत्या तशाच ठेवल्या. कॉलर जास्त आवळली तर बाकीच्या पाच खोल जातात, म्हणून कॉलर आहे तशीच ठेवते आणि दाबताना दुसऱ्या आणि पाचव्या पट्टीची मागची टोकं नखाने पुढे रेटून धरते. रेटा किंचित जास्त झाला की पिन खोल जाते, कमी पडला की उथळ. आज वीस वेळा केलं, तीनदा उघडलं. तिन्ही वेळचे आकडे वहीत आहेत, उद्या पुन्हा बसते.