आधी पाया, मग थर

दहीहंडीच्या सरावाबद्दल 'नारळ, आरती, गाऱ्हाण्यात पोरांचा वेळ जातो, त्यापेक्षा सराव करा' असं एक मत वाचलं, ते अर्धंच पटलं. बहुतेक गोविंदा पथकांचा सराव गुरुपौर्णिमेला नारळ फोडून सुरू होतो, म्हणजे हाताशी जेमतेम सव्वा महिना. वेळ कमीच, मान्य.

पण लालबागला मी आठ वर्षं खालच्या थरात होतो. आमच्याकडे नियम एकच: ज्याच्या खांद्यावर पाय देणार, आधी त्याच्या पाया पडायचं. मग तू बँकेत साहेब अस नाहीतर नाक्यावरचा टपोरी. एकदा माझं आणि वरच्या थरातल्या एकाचं बोलणं बंद होतं (कारण क्रिकेट, दुसरं काय!). त्या रात्री तो वाकला, दोघांनाही हसू फुटलं आणि अबोला तिथेच संपला. आरती मात्र खुशाल दोन कडव्यांत उरका.