प्रायमरी नक्की कुणाची?

एडिसनकर:
अमेरिकेत पक्षाचा उमेदवार मतदानाने ठरवतात त्या प्रायमरीबद्दल परवा इथे एकाने ठणकावून लिहिलं, "प्रायमरी हा पक्षाचा घरचा मामला, बाहेरच्यांनी नाक खुपसू नये." तेव्हापासून डोकं तापलंय. घरचा मामला असेल तर खर्चही घरातून करा ना! मतदान केंद्रं, यंत्रं, कर्मचारी हे सगळं आमच्या टॅक्सवर चालतं.

२०१६ मध्ये सिटिझन झाल्यावरची माझी पहिलीच प्रायमरी. न्यू जर्सीची तारीख ७ जून. ६ जूनच्या रात्री आम्ही जेवत असताना बातमी आली की असोसिएटेड प्रेसच्या मोजणीनुसार हिलरी क्लिंटन यांचं डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीचं गणित जमलं. त्या मोजणीत सुपरडेलिगेटही धरलेले, म्हणजे पक्षाचे असे पुढारी-प्रतिनिधी ज्यांना आपण प्रायमरीत निवडलेलं नाही. हातात घास तसाच राहिला. सकाळी शाळेच्या जिममध्ये जाऊन मत दिलं, पण कशासाठी दिलं ते बायकोला सांगता येईना.

२०१८ मध्ये पक्षाने अधिवेशनातल्या पहिल्या फेरीतलं सुपरडेलिगेटांचं मत काढलं, चांगलं झालं. आता राज्यांचे गट पाडा, वर्षानुवर्षं आयोवाला मिळालेला पहिल्या मतदानाचा मान दर वेळी वेगळ्या गटाला द्या आणि कुठल्याच पक्षात नाव न नोंदवलेल्या अपक्ष मतदारांना सगळीकडे दार उघडा.

आयोवाची_वहिनी:
एडिसनकर भावजी, आयोवाला नावं ठेवणं सोपं आहे. आमच्या लायब्ररीत घडीच्या खुर्च्यांवर चाळीस माणसं होती, समोर उमेदवार. माझ्या शेजारणीने उभं राहून इन्सुलिनच्या किमतीचं विचारलं, त्याला उत्तर द्यावंच लागलं. एकाच दिवशी दहा मोठी राज्यं घेतलीत तर टीव्हीवर जाहिराती परवडणाराच जिंकेल.

कॉकसचं, म्हणजे सभेत उमेदवारांनुसार गट करून मोजण्याचं, मात्र मी समर्थन करणार नाही. २०२० मध्ये नवरा रात्रपाळीला, मी लेकीला कडेवर घेऊन उभी. आमच्या गटाला १५ टक्के जमले नाहीत, मग दुसऱ्या गटात जा. आणि एवढं करून ते अॅप कोलमडलं, निकाल कित्येक दिवस नाही!

बे_एरिया:
खुली प्रायमरी म्हणजे लोकशाही, हे कुणी ठरवलं? आमच्या कॅलिफोर्नियात संसदेच्या निवडणुकीला सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात आणि पहिले दोन पुढे जातात. २०१२ मध्ये ३१व्या मतदारसंघात चार डेमोक्रॅटांत मतं फुटली आणि नोव्हेंबरला मतपत्रिकेवर दोन्ही रिपब्लिकन! त्याच मतदारसंघाने त्याच दिवशी ओबामांना निवडून दिलं. मी २००९ पासून पक्षासाठी दारोदार फिरतोय. जो कधी फिरकत नाही त्याने माझा उमेदवार का ठरवायचा? २०२४ मध्ये कोलोरॅडो, नेवाडा, आयडाहो, अॅरिझोनाच्या मतदारांनीही असले प्रस्ताव फेटाळले. ते सगळे अडाणी का?

एडिसनकर:
अडाणी मी कुणाला म्हटलं नाही, शब्द माझ्या तोंडी घालू नका. दोनऐवजी चार पुढे न्या आणि पसंतीक्रमाने मत घ्या, मग तुमचं ३१वं होणार नाही. अलास्कात हेच चालतं, आणि त्याच २०२४ मध्ये तिथल्या लोकांनी ते टिकवलं.

बे_एरिया:
हजारपेक्षा कमी मतांनी टिकलं, तेही सांगा.

एडिसनकर:
टिकलं ना? आणि पक्षाच्या हाती सोपवलं की काय होतं ते जर्सीत बघा. काउंटीच्या पुढाऱ्यांचे लाडके सगळे एका ओळीत, बाकीचे मतपत्रिकेच्या कोपऱ्यात. नमुना मतपत्रिका टेबलावर पसरून मी एक नाव बोटाने शोधत बसलो होतो. २०२४ मध्ये सिनेटचे उमेदवार अँडी किम कोर्टात गेले तेव्हा कुठे ती ओळ मोडली.

बे_एरिया:
ओळीबद्दल मान्य. तेवढंच.

लातूरकर:
तुम्हाला जूनमध्ये का होईना, मत मिळतं. इथे अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म कुणाच्या खिशातून निघेल ते पाहत कार्यकर्ते तहसीलबाहेर उभे.

आयोवाची_वहिनी:
काका, विषय अमेरिकेचा आहे.

लातूरकर:
विषय उमेदवार कोण ठरवतो हा आहे, ताई. २०१४ मध्ये काँग्रेसने लातूर आणि वर्ध्यात प्रायमरी घेतली होती. माझे वडील पदाधिकारी, यादीत त्यांचं नाव. इस्त्रीचा सदरा घालून सकाळीच जाऊन बसले. चाळीस वर्षं सतरंज्या उचलल्या, उमेदवार कोण हवा हे त्यांना पहिल्यांदा विचारलं गेलं.

बे_एरिया:
आणि दोन्ही जागा पक्ष हरला. मतदार पदाधिकारीच असतील तर गटबाजीच मोजली जाणार.

लातूरकर:
त्या लाटेत हायकमांडने थेट दिलेली तिकिटं तरलीत का? महाराष्ट्रात ४८ पैकी दोन आल्या! हरण्याचं खापर वडिलांच्या मतावर फोडू नका.

बे_एरिया:
तुमच्या वडिलांबद्दल बोललो नाही. पण दारोदार फिरणाऱ्याला मत हवं, हेच मी वरपासून म्हणतोय. त्यांना ते मिळालं, हे बरोबरच झालं.

एडिसनकर:
मग आमच्या २०१६ च्या मतालाही किंमत हवी होती, एवढं तरी लिहा.

बे_एरिया:
तारखा बदला, ७ जून फार उशिरा होता. दार मात्र मी उघडणार नाही.