पूजेच्या दुकानातलं 'इंद्रजाल': विकणाऱ्यावर थेट केस करायची का?

गोदाकाठ: सिंहस्थ तोंडावर आलाय, म्हणून धागा काढतोय. ते काळं जाळीदार, फ्रेम करून विकतात ना, भिंतीवर लावा, नजर लागत नाही, वास्तुदोष जातो वगैरे, ते इंद्रजाल. दुकानदार जडीबुटी सांगतो पण ती वनस्पती नाहीच, काळं प्रवाळ किंवा सी फॅन आहे, म्हणजे प्राणी. २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये, वाघाच्याच यादीत. शिक्षा किमान ३ वर्षं, कमाल ७. त्याच टोपलीत 'हत्था जोडी' असते, ते झाडाचं मूळ नसून घोरपडीच्या नराचं लिंग! माझं मत सरळ आहे, मेळ्याआधी दोन-चार विक्रेत्यांवर नीट केस उभी करा, बाकीचे आपोआप माल काढून टाकतील.

पंचवटीकर: भाऊ, घाटावर पथारी टाकून बसणाऱ्याला ३ वर्षं आत? त्याला प्रवाळ म्हणजे काय तेच माहीत नाही. गोण्या भरून पाठवणारा ठोक व्यापारी वेगळाच, त्याला हात लावायची कुणाची हिंमत नाही. गरिबाला उचलायचं आणि पेपरात फोटो छापायचा, झाली कारवाई.

गोदाकाठ: माहीत नाही म्हणता, मग कॅमेरा दिसला की फ्रेम खाली का ठेवतात?

कोर्टात_चकरा: दोघांचंही थोडं चुकतंय. अटक सोपी असते हो, गाडी अडकते ती पुढे. कलम ५५ प्रमाणे कोर्ट दखल घेतं ती अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या तक्रारीवर, पोलिसांनी नेहमीसारखं चार्जशीट ठोकलं तर बचावाचा वकील पहिल्याच फटक्यात तोच मुद्दा काढतो. दुसरं म्हणजे जप्त मालाची ओळख, सॅम्पल कलकत्त्याच्या झेडएसआय (भारतीय प्राणी सर्वेक्षण) सारख्या संस्थेकडे पाठवून रिपोर्ट यायला पाहिजे, नुसतं पंचनाम्यात 'इंद्रजाल सदृश वस्तू' लिहून काही होत नाही. एकदा माल शेड्यूल १ चा ठरला आणि ताबा सिद्ध झाला की कलम ५७ मुळे तो कायदेशीर आहे हे आरोपीने दाखवायचं. आणि किमान शिक्षा असलेला गुन्हा दंड भरून मिटवताही येत नाही. म्हणून पंचवटीकरांची भीती अगदीच खोटी नाही, पथारीवाल्याला हे सगळं झेपणारं नाही.

मिसळ_जादा_तर्री: अहो कसारा चढून समुद्र नाशकात येणार आहे का 😄 वनखात्याला बिबटे पुरेनात, त्यात हे कुठे. आणि मग शंखांचं काय, घरोघरी आहेत.

गोदाकाठ: पूजेचा नेहमीचा शंख चालतो, त्यावर बंदी नाही. नॉटिलस, मोठा हेल्मेट शंख हे शेड्यूल १ मध्ये आहेत. आणि काळ्या प्रवाळाच्या काही जाती हजारो वर्षं जगतात, हवाईजवळ एक ४ हजारांहून जास्त वर्षांचं सापडलंय. ते तोडून पाचशे-हजाराला विकायचं, आणि आपण बिबट्यांचं कारण सांगायचं?

पंचवटीकर: ते पटलं. तरी आधी मराठीत बोर्ड लावा, मुदत द्या, मग केस.

कोर्टात_चकरा: बोर्ड लावा की. पण मुदत कोण देणार, कायद्यात तशी सोयच नाही. पथारीवाल्याचा जबाब घेऊन त्याला माल देणाऱ्याचा फोन नंबर, पार्सलची पावती, पैसे गेलेला यूपीआय एवढं मिळवलं तरी ठोकवाल्यापर्यंत जाता येतं. बहुतेक वेळा तपास तिथेच थांबतो.

गोदाकाठ: म्हणजे सुरुवात पथारीपासूनच. मी तेच म्हणत होतो.

पंचवटीकर: नाही हो, तुम्ही त्यालाच आत टाकायला निघाला होतात. साक्षीदार करा म्हटलं तर मी येतो पुढे.