आखाडाचं जेवण: चिकन एवढं स्वस्त कसं पडतंय?

सेक्रेटरी: रविवारच्या आखाड पार्टीला चिकन ठरवतोय. मटणाच्या तिसऱ्या हिश्शात बसतंय. हरकत असेल तर आजच बोला, नंतर कुरकुर नको 🙏

बी-३०४ वहिनी: चिकन नको ओ, इंजेक्शन मारून फुगवतात म्हणं

ए-१०२ दादा: वहिनी, इंजेक्शनचं खोटं हाय. मेव्हण्याचं शेड हाय शिरोळकडं, हजारो पक्षी एकेक धरून टोचत बसायला परवडतंय कुणाला 😂 जातच तशी काढलीय, वर मका-सोयाबीनचं खाद्य आणि रात्रीपण लाईट, म्हणजे पक्षी खातच राहतोय, ३५-४० दिवसांत दोन किलोच्या वर. मांस चढतंय पण पायात तेवढा जोर नसतोय, शेवटी शेवटी काही पक्षी बसल्या जागचं उठत नाहीत. खाली भाताचं तूस, त्यातच सगळी घाण, पहाटे पडदे वर करायला गेलं की वासानं डोळ्यातनं पाणी येतंय

सी-२०१ काका: मग स्वस्त कसं पडतंय ते सांग की मर्दा

ए-१०२ दादा: मेव्हणा करारावर कंपनीचे पक्षी वाढवतोय. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, लाईटबिल, तूस, मजुरी मेव्हण्याची, शेडचं कर्जपण त्याच्याच डोक्यावर. हातात येतंय किलोमागं थोडे रुपये. उन्हाळ्यात मर जादा झाली की त्यातनंपण कापतात

बी-४०२ डॉक्टर ताई: मला औषधांची काळजी जास्त वाटते. आजारी पक्ष्याला औषध द्यावंच, पण आजार येऊ नये, वजन चढावं म्हणून रोज थोडं थोडं अँटिबायोटिक खाद्यातनं गेलं की जंतू त्याला सरावतात, मग तेच जंतू खतातनं, पाण्यातनं, कच्च्या मांसावरनं आपल्यापर्यंत येतात. कॉलिस्टिन नावाचं अँटिबायोटिक आम्ही आयसीयूत दुसरं काही चालेनासं झालं की देतो, तेच कोंबड्यांना चालायचं, २०१९ ला सरकारनं बंदी घातली. त्याआधी २०१४ ला सीएसई या दिल्लीच्या पर्यावरण संस्थेनं दिल्लीकडचे ७० नमुने तपासले, ४० टक्क्यांत अँटिबायोटिकचे अंश सापडले. नीट शिजवलं की जंतू मरतात, तेवढं घाबरू नका वहिनी

ए-१०२ दादा: आणि २००६ ला नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो पक्षी मारून पुरले, भरपाई सरकारी तिजोरीतनं, म्हणजे आपल्याच खिशातनं. दुकानाच्या पाटीवर हे कुठं लिहितात

सी-२०१ काका: सगळं खरं, पण मटणाच्या दरावरनं २०१९ ला कोल्हापुरात आंदोलन झालेलं विसरलासा काय? घरात चार पोरं असली की चिकनच परवडतंय बाबा

बी-३०४ वहिनी: मग गावठी घ्या की

ए-१०२ दादा: गावठी म्हणून बऱ्याचदा गिरिराज नाहीतर कावेरी असल्या सुधारित जाती गळ्यात मारतात. त्यापेक्षा मटण थोडं कमी घ्या आणि रस्सा दाबून करा, हितं कोण फोडी मोजत बसतंय

सेक्रेटरी: मग मटण फायनल. वर्गणी माणशी ५० जादा

सी-२०१ काका: ५० जादा? आधी मागच्या गणपतीतली शिल्लक कुठं गेली ते सांगा