मदत हवी आहे - चौकोन लहानमोठे होतायत, जोडू कसे?

मी पहिल्यांदाच क्रोशाचं मोठं ब्लँकेट करतेय, ग्रॅनी स्क्वेअरचं (मधून बाहेर फेऱ्या घालत विणलेले चौकोन), ४८ चौकोन म्हणजे ६ बाय ८. लोकर अॅक्रिलिक आहे, सुई ५ मिमीची, प्रत्येक चौकोन ४ फेऱ्यांचा. ३० झालेत आणि आता एकावर एक ठेवून बघितले तर सुरुवातीचे १० एकदम घट्ट आणि नंतरचे जवळजवळ १ सेंमी मोठे, हात सैल पडत गेला बहुतेक. उसवायचं अगदी जिवावर आलंय कारण रंग खूप मनापासून निवडलेत.

घट्ट चौकोनांना बाहेरून मुक्या टाक्यांची (आखूड टाके) एक फेरी घालून माप जुळवू का? की ओले करून पिना लावून वाळवले तर पुरेल? अॅक्रिलिकला वाफ देतात म्हणे, पण इस्त्री टेकली की लोकर कायमची लुळी पडते त्यामुळे हिंमत होत नाहीये. आणि जोडताना सुईदोऱ्याने शिवू की क्रोशानेच, उलट्या बाजूने जाड कड येते ती अंगावर घेताना टोचते का?

अजून एक, उरलेल्या लोकरीचे गोल कोस्टर करतेय, १२ खांबांनी (उंच टाके) सुरू करून दर फेरीत १२ वाढवते तरी वाटीसारखे वर वळतात. सुई मोठी घ्यायची का? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.