साक्ष नको, दिवस सांगा : मिशन संस्थेत इंटर्न म्हणून राहिलेल्यांचे अनुभव

ख्रिस्ती मिशन संस्थेत वर्षभर इंटर्न म्हणून राहून आलेल्या माणसाला चर्चच्या मंडळीपुढे साक्ष द्यायला, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सांगायला, उभे केले की तो ठरलेल्या गोष्टी सांगतो : देवाचे पाचारण कसे झाले, पैसे कसे जमले, कोणाचे मन कसे पालटले. त्या खोट्या असतात असे मला म्हणायचे नाही, कारण मीही तेच सांगितले आहे. पण माझ्या अकरा महिन्यांत असे सांगण्याजोगे दिवस फार तर दहा निघाले, आणि उरलेले तीनशेहून अधिक दिवस पत्ते टंकण्यात, खोल्या झाडण्यात, मुद्रिते तपासण्यात आणि एकाच स्नानगृहासाठी रांग लावण्यात गेले. त्या दिवसांविषयी लिहावे, अशी विनंती मी माझ्यासारख्या काही जणांना केली होती. संस्थेचे आणि व्यक्तींचे नाव घालू नये, एवढीच अट होती. सुरुवात माझ्यापासून करतो.

भाषांतर विभाग, अकरा महिने

आम्ही नऊ जण होतो. पावणेसहाला घंटा होई आणि सहा ते साडेसहा शांत मनन असे. त्या दिवसाचा बायबलमधला शास्त्रभाग समोर ठेवून नुसते बसायचे. वही नाही, टीकाग्रंथ नाही, बोलणे नाही. पहिले तीन आठवडे मी त्या अर्ध्या तासात बसल्याबसल्या झोपत असे, आणि हे मी अपराधी चेहऱ्याने कबूल केले तेव्हा आमचे प्रशिक्षक एवढेच म्हणाले की जाग आली की त्याच ओवीवर परत यावे. त्यानंतर झाडलोट, वर्ग, दुपारभर विभागातले काम, संध्याकाळी सामायिक प्रार्थना आणि दहाला दिवे बंद.

रात्रीच्या भांड्यांचा प्रश्न मात्र मननाने सुटणारा नव्हता. एकदा प्रशिक्षकांनी जर्मन धर्मगुरू डीट्रिख बॉनहॉफर यांची गोष्ट सांगितली. १९३५ मध्ये बाल्टिक समुद्राकाठी झिंग्स्ट येथे त्यांनी भावी पाळकांचे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचे, निवासी प्रशिक्षण सुरू केले. ते पुढे फिंकेनवाल्डेला हलले आणि १९३७ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ते बंद पाडले. तिथेही सकाळी अर्धा तास मनन असे. तर एकदा स्वयंपाकघरातून भांडी धुवायला मदत हवी असा निरोप आला आणि विद्यार्थ्यांपैकी कोणीच जागचे हलले नाही. बॉनहॉफर काही न बोलता उठून आत गेले, आणि मागून लगबगीने धावलेल्यांना त्यांनी आत येऊच दिले नाही. बाहेर आल्यावरही ते त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत.

या गोष्टीचा आमच्यावर झालेला परिणाम असा की दुसऱ्या दिवशी जेवण संपायच्या आतच पाच जण सिंकपाशी उभे होते, आणि एकाने तर आत शिरून खरोखरच कडी लावून घेतली. हा उत्साह चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी भिंतीवर पाळ्यांचा तक्ता लागला आणि सगळ्यांनाच हायसे वाटले. प्रामाणिकपणे सांगायचे तर मला त्या चार दिवसांपेक्षा तक्ताच अधिक बंधुभावाचा वाटला, कारण त्यात आपण किती नम्र आहोत हे कोणाला दाखवायचे नव्हते.

मदतपत्रे लिहिणारी

आमच्या संस्थेत इंटर्नला वेतन नव्हते. राहण्या-जेवण्याचा खर्च आपणच नातेवाइकांकडून, ओळखीच्यांकडून आणि मंडळीकडून उभा करायचा आणि दर महिन्याला त्यांना वार्तापत्र पाठवायचे, अशी पद्धत होती. इंग्रज मिशनरी हडसन टेलर यांनी १८६५ मध्ये चायना इनलँड मिशन स्थापन केले तेव्हा कोणाकडेही थेट पैसे मागायचे नाहीत आणि कोणाला ठरावीक वेतनाची हमी द्यायची नाही असा नियम घातला होता, हे आम्हाला वर्गात अभिमानाने शिकवले गेले. त्याच दुपारच्या तासाला पैसे मागण्याचे पत्र कसे लिहावे हे शिकवले, तेव्हा मागच्या बाकावर जे हसू फुटले त्यात मीही होते.

वार्तापत्र लिहिणे हा माझ्यासाठी दर महिन्याचा पेच होता. ज्यांनी आपले पैसे दिले त्यांना काही घडल्याचे ऐकायचे असते, आणि माझा महिना तर देणगीदारांच्या यादीतले चुकलेले पत्ते दुरुस्त करण्यात गेलेला असे. तिसऱ्या पत्रात मी एका संध्याकाळच्या साध्या गप्पांना इतके रंगवले की आमच्या पाळकांनी त्यावर उपकारस्तुतीची प्रार्थना घेतली. ते कळल्यावर मला रात्रभर झोप लागली नाही. पुढच्या पत्रात मी लिहिले, ‘या महिन्यात सहाशे पत्ते दुरुस्त केले, दोनदा रडू आले, एका मैत्रिणीला सायकल शिकवली.’ सगळ्यात जास्त उत्तरे त्याच पत्राला आली.

पैशाने खोलीत जी दरी पडते तिच्याविषयी मात्र कोणी बोलत नाही. कोणाची वर्षाची रक्कम येण्याआधीच भरलेली असे, तर कोणाची दर महिन्याला कमी पडे. आमच्यातल्या एकाची रक्कम सलग तीन महिने अपुरी पडली, तेव्हा आम्ही सहा जणांनी गुपचूप पाकीट करून त्याच्या बायबलमध्ये ठेवले. आम्हाला फार धन्य वाटले. पाकिटावरचे अक्षर त्याने ओळखले आणि तो आठवडाभर आमच्याशी नीट बोलला नाही. नंतर त्याने सांगितले, ‘तुम्ही विचारले असते तर मी घेतले असते. न विचारता ठेवलेत, म्हणजे मी सोडून सगळ्यांनी माझ्याविषयी चर्चा केलीत.’ यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

दोघींच्या खोलीतली एक

माझ्या खोलीतली मैत्रीण पहाटे पाचचा गजर लावत असे आणि तो तीनदा बंद करून पावणेसहाच्या घंटेलाच उठत असे. दोन महिने मी हे सहन केले आणि त्या सहन करण्याला मी सहनशीलता हे नाव दिले होते. प्रत्यक्षात मी मनात हिशेब ठेवत होते. एके रात्री ती माझ्याकडे पाहून अत्यंत मृदू आवाजात म्हणाली, ‘तू खोलीचा दिवा उशिरापर्यंत चालू ठेवतेस, त्याबद्दल मी तुला क्षमा केली आहे.’ मी क्षमा मागितलीच नव्हती! ज्यांनी अशा संस्थेत दिवस काढले आहेत त्यांना हे वाक्य कसे लागते ते समजावून सांगावे लागणार नाही.

आमच्या संस्थेत भांडण मिटवण्याची काही रीतच नव्हती. सगळे ‘प्रार्थनेत ठेवले’ जाई. नंतर मिशनांच्या इतिहासात मला बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशनरी घराची हकीकत वाचायला मिळाली. इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन, विल्यम वॉर्ड आणि त्यांचे सहकारी १८०० मध्ये डॅनिश सत्तेखालच्या श्रीरामपूरला आपापल्या कुटुंबांसह एकाच घरी राहू लागले, तेव्हा त्यांनी जानेवारीतच घराचे नियम ठरवले. उपदेश आणि प्रार्थना आळीपाळीने करायची, घराचा कारभार दर महिन्याला नव्या माणसाकडे जायचा, कॅरींकडे खजिना आणि औषधांची पेटी, कोणी खाजगी व्यापार करायचा नाही. आणि शनिवारची संध्याकाळ आपसातले मतभेद मिटवण्यासाठी राखून ठेवायची. मिशनच्या कामासाठी आयुष्य वाहून घेतलेली माणसे आठवड्याला एकदा तरी भांडणारच, हे त्यांनी आधीच धरून चालले होते, याचे मला केवढे तरी बरे वाटले. (पुढे नव्याने आलेल्या तरुण मिशनऱ्यांचे या ज्येष्ठांशी पटले नाही आणि ते कलकत्त्यात वेगळे झाले. शनिवार पुरे पडले नाहीत, असे म्हणायचे.)

मी मैत्रिणीपुढे शनिवारचा प्रस्ताव ठेवला. पहिल्या शनिवारी आम्ही दोघी दहा मिनिटे नुसत्या बसून राहिलो. मग तिने सांगितले की गजर तीनदा बंद करते, कारण घरच्या आठवणीने तिला दोन-दोन वाजेपर्यंत झोप लागत नाही आणि तरीही पाचला उठून प्रार्थना करण्याचे वचन तिने आजीला दिले आहे. गजर त्यानंतरही वाजतच राहिला. मी कानात कापसाचे बोळे घालू लागले.

वाहने आणि जनित्र सांभाळणारा

मला फारसे लिहायचे नाही. मी सात महिने दोन जुन्या गाड्या आणि एक जनित्र चालू ठेवले. सामायिक प्रार्थनेत माझी पाळी आली की मी जनित्रासाठी प्रार्थना करीत असे, आणि इतरांना तो विनोद वाटे.

मध्येच निघून आलेली

मी पाचव्या महिन्यात परत आले. कारण साधे होते : मी थकले होते. ठरल्याप्रमाणे आठवड्याला एक सुटी होती, पण सुटीच्या दिवशी पाहुणे आले, सामान उतरवायचे निघाले किंवा एखादे शिबिर लागले की सुटी पुढे जाई आणि पुढे गेलेली सुटी परत येत नसे. सलग एकोणीस दिवस काम केल्यावर मी एक दिवस मागितला, तेव्हा वरिष्ठ म्हणाले की सेवेला सुटी नसते. हे ते रागाने म्हणाले नाहीत, अगदी प्रेमाने म्हणाले, आणि म्हणूनच मला काही बोलता आले नाही. अधिकाऱ्याने सुटी नाकारली तर माणूस भांडतो. इथे नाकारणाऱ्याच्या मागे देव उभा केलेला होता.

ज्या दिवशी मी जायचे ठरवले त्या दिवसापासून घरात एक विचित्र शांतता पसरली. कोणी वाईट वागले नाही. पण मी जेवणघरात शिरले की विषय बदलत असे. भांड्यांच्या तक्त्यावर माझ्या नावावर कोणीतरी पट्टीने सरळ रेघ ओढली होती, आणि ती इतकी नीट ओढलेली होती की मला हाताने खरडलेली रेघ परवडली असती असे वाटले. निरोपाची प्रार्थना झाली नाही, कारण ती पूर्ण मुदत संपवणाऱ्यांसाठी असते.

घरी आल्यावर मी बायबलमधले ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक पुन्हा वाचले. तेराव्या अध्यायात पौल आणि बर्णबा यांच्या मिशनप्रवासातला सोबती योहान मार्क पंफुलियाहून माघारी यरुशलेमला जातो, आणि का जातो हे कुठेच सांगितलेले नाही. पंधराव्या अध्यायात त्याला पुन्हा बरोबर घ्यावे की नाही यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात इतकी तीव्र बाचाबाची होते की दोघे वेगळे होतात. बर्णबा मार्कला घेऊन कुप्राला (सायप्रसला) निघून जातो. पुढे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल मार्कला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे, असे लिहितो, आणि उपदेशांत नेहमी तेवढेच सांगितले जाते. मला अडलेला प्रश्न मधल्या वर्षांचा आहे. त्या वर्षांत बर्णबा होता म्हणून मार्क टिकला. मलाही एकीने दर गुरुवारी फोन केला. तिने एकदाही ‘परत येशील का’ असे विचारले नाही.

पुढे समन्वयक झालेला

वरील अनुभव वाचून मी अस्वस्थ झालो, कारण ‘सेवेला सुटी नसते’ हे मीही एकेकाळी म्हटले आहे. इंटर्न येतात तेव्हा उत्साहाने भरलेले असतात आणि कोणत्याही कामाला नाही म्हणत नाहीत. त्यामुळे संस्थेला त्यांच्या होकाराची चटक लागते आणि तिला विश्वासाचे फळ समजण्याची चूक सहज होते. आता आम्ही कामाचे तास आणि सुटीचा दिवस लेखी देतो, सुटी हलवली तर त्याच आठवड्यात भरून देतो, आणि प्रत्येक इंटर्नला संस्थेबाहेरची एक वडीलधारी व्यक्ती जोडून देतो, जिचा त्याच्या मूल्यमापनाशी काहीही संबंध नसतो. या तिसऱ्या गोष्टीला आमच्याकडे सर्वांत जास्त विरोध झाला, आणि सर्वांत जास्त उपयोगही तिचाच झाला.

पाळ्यांच्या तक्त्यांना आध्यात्मिक दृष्ट्या खालच्या दर्जाचे समजणाऱ्यांना मी जर्मनीतल्या हेर्नहूट गावाचे उदाहरण देतो. ऑगस्ट १७२७ मध्ये तिथल्या मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या बांधवांनी अखंड प्रार्थना सुरू केली आणि ती शंभर वर्षांहून अधिक काळ चालली, हे सगळ्यांना ठाऊक असते. तिची सुरुवात मात्र चोवीस पुरुष आणि चोवीस स्त्रियांनी दिवसाचे तास एकेक करून वाटून घेऊन झाली. पहाटे तीनची पाळी तिथेही कोणाच्या तरी वाट्याला आली असणारच.

परत येऊन दोन वर्षे झालेली

माझे वर्ष चांगले गेले, म्हणून लिहावे की नाही असा संकोच होता. आम्ही अकरा जण होतो. आमच्यात शास्त्राच्या अर्थावरून, गाण्यांच्या चालींवरून आणि खिडकी उघडी असावी की बंद यावरून वाद झाले, आणि तरीही एकीला ताप आला तेव्हा रात्रभर दोन-दोन तासांच्या पाळ्या कोणी न सांगता लागल्या. परतल्यावरचे एकटेपण मात्र कोणी सांगून ठेवले नव्हते. जिथे दात घासतानाही शेजारी कोणीतरी असे, तिथून मी एकदम स्वतःच्या खोलीत आले, आणि दार लावल्यावर इतकी शांतता असते हे मी विसरून गेले होते. ‘कसे होते?’ असे लोक विचारत आणि दुसऱ्या वाक्यापर्यंत त्यांचे लक्ष उडालेले असे.

आमचा अकरा जणांचा फोनवरचा गट अजून आहे. पहिले सहा महिने रोज प्रार्थनाविषय येत, आता वाढदिवस येतात. मागच्या महिन्यात सामान आवरताना मला भांडारघराची किल्ली सापडली. शेवटच्या आठवड्यात साठा मोजण्याची पाळी माझी होती आणि ती परत द्यायची राहून गेली होती. मी गटात तिचे छायाचित्र टाकले. सध्या तिथे असलेल्या इंटर्नकडून कोणीतरी विचारून घेतले, तर कळले की आमच्यानंतरच्या तुकडीने पंधरा दिवस सगळीकडे शोधून अखेर कुलूपच बदलले. नव्या कुलपाची किल्ली आता तक्त्याशेजारी खिळ्याला दोरीने बांधून ठेवतात म्हणे.