मदत हवी आहे: बॅच फाइल डबल क्लिकने चालते, रात्री आपोआप चालत नाही

नमस्कार मंडळी,

साताऱ्यात एका वकीलसाहेबांकडे कारकुनी करतो. जमिनीची प्रकरणं जास्त, त्यामुळे दिवसभर सातबारा, फेरफार, खरेदीखतं स्कॅन होत राहतात. संध्याकाळी त्या पीडीएफ 'स्कॅन' फोल्डरमधून उचलून झेड ड्राइव्हवर चालू महिन्याच्या फोल्डरमध्ये टाकायच्या, एवढंच काम. झेड म्हणजे कोपऱ्यातल्या जुन्या संगणकावरचं शेअर केलेलं फोल्डर. इकडून तिकडून बघून नऊ ओळींची बॅच फाइल (संगणकाला ओळीने द्यायच्या हुकमांची फाइल) जमवली. फॉर लूप (प्रत्येक फाइलीसाठी तोच हुकूम पुन्हा), आत मूव्ह (फाइल हलवायचा हुकूम). डबल क्लिक केलं की काम फत्ते.

घरी जायच्या गडबडीत विसरतो, म्हणून विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये (ठरल्या वेळी काम आपोआप सुरू करणारी सोय) रात्री ९ ला लावली. लॉग ऑफ करून जातो, संगणक चालूच असतो. सकाळी येऊन बघतो तर सगळ्या फाइली जागच्या जागी. आणि शेड्यूलर सांगतो, काम यशस्वी, निकाल ०एक्स० (म्हणजे शून्य, चूक नाही)!

अजून एक दुखणं. १ तारखेला हातानेच चालवली, तर २१ फाइलींची एकच फाइल झाली, तिला एक्स्टेंशनही नाही. नव्या महिन्याचं फोल्डर करायचं राहिलं होतं. कागद हाताशी होते म्हणून वाचलो, सगळं परत स्कॅन केलं. साहेबांना अजून सांगितलेलं नाही.

प्रतिसाद १
शेड्यूलर खोटं बोलत नाहीये. फाइलच सापडली नाही तर फॉर लूप एकदाही फिरत नाही, म्हणजे चूकही होत नाही. तुम्ही नुसतं 'स्कॅन' लिहिलंय ना, पूर्ण पत्ता न देता? डबल क्लिक केल्यावर बॅच फाइल स्वतःच्या फोल्डरमध्ये उभी असते. शेड्यूलर तिला विंडोजच्या स्वतःच्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये उभी करतो. तिथे कुठला आलाय सातबारा! 'स्टार्ट इन' हा रकाना रिकामा असेल, त्यात फोल्डरचा पूर्ण पत्ता भरा. अवतरणचिन्हं घालू नका.

धागाकर्ता
भरला. आता लूप फिरतोय, पण झेड ड्राइव्ह सापडत नाही म्हणतो. दिवसा समोर दिसतोय की हो!

प्रतिसाद २
तुम्हाला दिसतो, त्याला नाही. मॅप केलेला ड्राइव्ह (शेअर फोल्डरला दिलेलं झेडसारखं अक्षर) तुमच्या लॉगिनपुरता असतो. लॉग ऑफ झाल्यावर चालणाऱ्या टास्कला झेड म्हणजे काय ते ठाऊकच नसतं. झेड काढा आणि दोन उलट्या तिरप्या रेघा, जुन्या संगणकाचं नाव, मग शेअरचं नाव असा पत्ता लिहा. आणि 'पासवर्ड साठवू नका' या चौकटीत टिक असेल तर काढा. ती असली की टास्कला फक्त त्याच संगणकापुरतं बघता येतं.

प्रतिसाद ३
तुमच्या २१ फाइलींबद्दल. फोल्डर नसलं की मूव्हला वाटतं, तुम्ही फाइलचं नवं नाव देताय. पहिली फाइल त्या नावाची झाली, दुसरी तिच्यावर बसली, तिसरी दुसरीवर. बॅचमध्ये असताना मूव्ह 'पुसू का?' असं विचारतही नाही. यापेक्षा रोबोकॉपी ही फाइली नेणारी आज्ञा वापरा, विंडोजमध्ये असतेच. ती फोल्डर नसेल तर स्वतः करते. पुढे /एमओव्ही लावा (टाइप अर्थात रोमनमध्ये), म्हणजे प्रत पोचल्यावरच मूळ फाइल काढते. मात्र कुणी /एमआयआर सुचवलं तर ऐकू नका. स्रोतात नसलेलं सगळं ती तिकडून पुसते, आणि तुमचं 'स्कॅन' तर रोज रिकामं होतं. एका रात्रीत महिना साफ.

धागाकर्ता
तिघांचेही आभार. काल रात्री ३४ फाइली बरोबर गेल्या, फोल्डरही आपोआप झालं. पण शेवटचा निकाल आता ०एक्स१ दाखवतोय?

प्रतिसाद ३
रोबोकॉपीत १ म्हणजे 'फाइली नेल्या', शून्य म्हणजे 'न्यायला काही नव्हतं'. ८ किंवा त्याच्या वर गेला, म्हणजे काही चुकलं, तर या इकडे परत.

धागाकर्ता
म्हणजे शून्याला खूश होत होतो तेव्हा काहीच होत नव्हतं. बरं. साहेबांना आता सांगतो.